परवानगीची सभा : गश्ती निशाण ५३ पासून जनसुरक्षा विधेयकापर्यंत

हैदराबाद संस्थानातल्या प्रजेची पहिली राजकीय परिषद १९२३ साली भरली ती काकीनाड्याला. दुसरी १९२६ साली मुंबईत झाली, तिसरी १९२८ साली पुण्यात आणि चौथी १९३१ साली अकोल्यात. ही चारही गावे ब्रिटिश मुलखातली. आपल्या राज्याच्या कारभाराविषयी, शाळा-कचेऱ्यांविषयी, कायदेमंडळाविषयी चार शब्द एकत्र बसून बोलायचे, तर निजामाच्या प्रजेला आधी निजामाची हद्द ओलांडावी लागे. उस्मानाबाद जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, माणसाला ही हद्द फार दूर नव्हती. नळदुर्ग सोडले की थोड्याच वाटेवर सोलापूर. तिकडे इंग्रजांचे राज्य होते, तेही परकेच. पण तिथे सभा भरत, वर्तमानपत्रे निघत, पुढारी तुरुंगात गेले तरी त्यांची भाषणे छापली जात. अलीकडच्या मुलखात यातले जवळजवळ काहीच नव्हते. एकच भाषा, एकच पीकपाणी, आणि मध्ये नाक्याची एक रेघ. त्या रेघेच्या दोन बाजूंना नागरिक असण्याचे दोन वेगळे अर्थ होते.

या जिल्ह्याची गेल्या शंभर वर्षांची गोष्ट त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सभा, संघटना आणि भाषण यांना बांधणारा नियम कसा तयार होतो, कोणाला विचारून होतो आणि तयार होण्याआधी त्याला अडवता येते का, हे प्रश्न इथल्या लोकांनी तीन राजवटींत विचारले. पहिल्या राजवटीत त्यांना उत्तर देणारे कोणीच नव्हते.

गश्तीचा अंमल

निजामी कारभारात सरकारी परिपत्रकाला गश्ती म्हणत. त्यातले सर्वात कुप्रसिद्ध परिपत्रक म्हणजे गश्ती निशाण ५३. मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत या आकड्याचा उल्लेख हटकून येतो. जाहीर सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागे, सभेचा विषय कळवावा लागे, वक्ते कोण ते सांगावे लागे. परवानगी देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर, आणि नकाराला दाद मागण्याची सोय नाही. खाजगी शाळा काढायला परवानगी, आखाडा चालवायला परवानगी. बाहेरून येणारी अनेक वृत्तपत्रे बंदीच्या यादीत. वाचनालय काढणारा तरुणही संशयित ठरावा, असा तो काळ होता.

गश्ती हा कायदा नव्हता. ती मांडली गेली नव्हती, तिच्यावर चर्चा झाली नव्हती, तिला कोणी दुरुस्ती सुचवलेली नव्हती. कचेरीत लिहिली गेली आणि अंमलात आली. संस्थानात कायदेमंडळ नव्हते असे नाही. १८९३ पासून ते होते. पण त्यात सरकारी आणि सरकारनियुक्त सभासदांचा वरचष्मा होता आणि निवडून येणारे थोडे सभासद जहागीरदार आणि वकील अशा मर्यादित गटांतून येत. तशाही परिस्थितीत केशवराव कोरटकरांसारखे कायदेपंडित आणि वामनराव नाईकांसारखे सार्वजनिक कार्यकर्ते लोकनियुक्त कायदेमंडळाची आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करत राहिले. १९२० साली हैदराबादेतून लक्ष्मणराव फाटकांनी ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक सुरू केले, आणि परवानगीच्या चौकटीत राहून जेवढे बोलता येईल तेवढे ते बोलत राहिले.

उस्मानाबाद जिल्ह्यात याच काळात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा उभी राहिली. आज लोहारा तालुक्यात असलेल्या या छोट्या गावात १९२१ च्या सुमारास, असहकाराच्या वाऱ्यात, ही शाळा निघाली. व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाचे एक शिक्षक पुढे तिथे आले. जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केलेले. हिप्परग्यातच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे तिथले सहकारी. राजकीय सभेला बंदी असलेल्या मुलखात शाळा हीच सभा ठरते, आणि म्हणूनच खाजगी शाळांवर निजाम सरकारची एवढी नजर होती. १९३५ साली स्वामीजी आणि त्यांचे सहकारी मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला गेले आणि तिथल्या योगेश्वरी शाळेत रमले. पण हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व घडले ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या त्या खेड्यात, ही नोंद या जिल्ह्याने अभिमानाने जपावी अशी आहे.

स्थापनेआधीची बंदी

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. दुसरे १९३८ साली लातूरला झाले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्याचा वेगळा जिल्हा व्हायला १९८२ उजाडावे लागले. तेलंगणात आंध्र महासभा होती, कर्नाटकात कर्नाटक परिषद; मराठवाड्यात ही महाराष्ट्र परिषद. भाषा, शिक्षण आणि ग्रामसुधारणा हे तिचे उघड विषय; नागरी स्वातंत्र्य हा त्या सगळ्यांच्या पोटातला विषय. कारण शिक्षणाची मागणी करायची तरी सभा हवी, आणि सभा घ्यायची तर गश्ती आडवी येते.

१९३८ सालीच तिन्ही भाषिक प्रदेशांतले कार्यकर्ते एकत्र आले आणि हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचे ठरले. तात्पुरती समिती झाली, सभासद नोंदणी सुरू झाली, रीतसर स्थापनेची बैठक सप्टेंबरमध्ये व्हायची होती. ती होण्याआधीच सरकारने सार्वजनिक सुरक्षिततेचे नवे नियम जारी केले, आणि लगोलग, ७ सप्टेंबर १९३८ रोजी, अद्याप न जन्मलेल्या या संघटनेवर बंदी घातली. तेव्हा पंतप्रधानपदी सर अकबर हैदरी होते. संघटनेने काय केले म्हणून बंदी, असा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. ती पुढे काय करू शकेल याचा सरकारचा अंदाज हाच पुरावा होता. नियमाची भाषा सुरक्षिततेची होती आणि त्याचा पहिला वापर झाला तो जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या, शांततेने काम करू पाहणाऱ्या लोकांविरुद्ध.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. सत्याग्रहाचे स्वरूप अगदी साधे होते : आम्ही स्टेट काँग्रेसचे सभासद आहोत, एवढे जाहीरपणे म्हणायचे. तेवढे म्हणणे हाच गुन्हा होता. दोन महिन्यांत शेकडो लोक तुरुंगात गेले, स्वामीजीही गेले. उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क मागितला, त्यांची नावे पटावरून निघाली, आणि त्यांतले अनेक नागपूर विद्यापीठात जाऊन शिकले. आर्य समाजाचा सत्याग्रह याच काळातला. त्याच्या पूर्वखुणा उस्मानाबाद जिल्ह्यातच दिसत होत्या, कारण उमरगा तालुक्यातल्या गुंजोटीत वेदप्रकाश या तरुण आर्यसमाजी कार्यकर्त्याची हत्या झालेली होती. डिसेंबरमध्ये स्टेट काँग्रेसने सत्याग्रह स्थगित केला. बंदी मात्र उठली नाही. ती उठली जुलै १९४६ मध्ये, म्हणजे जवळजवळ आठ वर्षांनी.

मधल्या काळात, १९३९ साली, अय्यंगार समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या सुधारणा जाहीर झाल्या. नवे कायदेमंडळ येणार होते. त्यात निम्म्याहून कमी सभासद निवडलेले, तेही धंद्याप्रमाणे पाडलेल्या मतदारसंघांतून. आणि मंत्रिमंडळ त्यांना जबाबदार नाही. स्टेट काँग्रेसला हे मान्य होणे शक्य नव्हते. विधेयकावर मत देता येते पण सरकारला जाब विचारता येत नाही, असे सभागृह हे सल्लागारांचे दालन असते. लोकांचा प्रतिनिधी तिथे पाहुणा असतो.

विचारायला सभागृहच नाही

निजाम भारतात विलीन व्हायला तयार नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी, पोलीस कारवाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोहिमेत, भारतीय फौजा सोलापूरकडून शिरल्या आणि पहिली लढाई नळदुर्गपाशी झाली. पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. त्याआधीची दोन वर्षे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या अत्याचारांनी सीमेवरची गावे उद्ध्वस्त झाली होती. ऑगस्टमध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना, त्यांनी संस्थान भारतात विलीन करण्याची बाजू घेतली म्हणून, ठार मारण्यात आले होते. लोकांना मुक्ती मिळाली, यात शंका नाही. उस्मानाबादच्या अनेक घरांत त्या दिवसाची आठवण कृतज्ञतेने सांगितली जाते.

पण या जिल्ह्याच्या इतिहासातले पुढचे पान वगळून नागरी स्वातंत्र्याची गोष्ट सांगता येणार नाही. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. परिस्थिती पाहण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवण्यात आले. त्यांनी सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशके तो लोकांसमोर आला नाही. हैदराबादेत त्या वेळी लष्करी गव्हर्नर जनरल जयंतनाथ चौधरी यांचा अंमल होता, त्यानंतर केंद्राने नेमलेले सरकार आले. साडेतीन वर्षे असे एकही सभागृह नव्हते, जिथे उस्मानाबादचा एखादा प्रतिनिधी उभा राहून विचारू शकला असता की आमच्या गावांत काय झाले, कोणी केले, चौकशीचे काय झाले. राज्य आपले झाले होते, तरी प्रश्न विचारायची जागा अजून तयार व्हायची होती. स्वातंत्र्य आणि नागरी स्वातंत्र्य या दोन पायऱ्या आहेत, आणि दुसरी पायरी चढायला वेगळे कष्ट लागतात, हे १९४८ च्या उस्मानाबादेइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसले असेल.

ती जागा १९५२ साली मिळाली. प्रौढ मतदानाने निवडलेली १७५ सभासदांची हैदराबाद विधानसभा बसली, बूर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. कम्युनिस्ट पक्षावर तिथे बंदी होती, म्हणून तो पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाने लढला आणि त्याचे मराठी नेते व्ही. डी. देशपांडे विरोधी पक्षनेते झाले. उस्मानाबादचे वकील, शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील, यांच्यासारखे नेते याच पिढीतले. जे लोक चार वर्षांपूर्वी भूमिगत किंवा तुरुंगात होते, ते आता बाकांवर बसून सरकारच्या विधेयकाला कलमवार दुरुस्त्या सुचवू लागले. गश्तीच्या मुलखात हे पहिल्यांदाच घडत होते. कायदा येण्याआधी तो मसुद्याच्या रूपात लोकांच्या प्रतिनिधींसमोर ठेवायचा, त्याची वाचने व्हायची, तो समितीकडे धाडता यायचा, लोकमत अजमावण्यासाठी प्रसृत करता यायचा. हा मधला अवकाश ही मुक्तिलढ्याची खरी कमाई होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. संविधानाच्या १९ व्या कलमाने भाषण, सभा आणि संघटना यांचे स्वातंत्र्य दिले. २२ व्या कलमाने मात्र खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याची वाटही मोकळी ठेवली, सल्लागार मंडळाच्या तपासणीची अट घालून. पुढच्या सत्तर वर्षांत राज्याच्या विधिमंडळात जे कायदे आले, त्यांतले बरेच या दोन कलमांच्या मधल्या जागेत उभे आहेत.

आणीबाणी आणि नंतर

जून १९७५ मध्ये ही जागाच मिटवली गेली. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली विरोधक तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर पूर्वपरीक्षण आले. मुंबईत वकिलांना जिना हॉलमध्ये संविधान आणि नागरी स्वातंत्र्य यांवर खाजगी सभा घ्यायची होती. न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती जे. सी. शहा बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी ती रोखली. एन. पी. नथवानी उच्च न्यायालयात गेले आणि मुख्य न्यायमूर्ती कांटावाला व न्यायमूर्ती तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने तो मनाई आदेश रद्द केला. चार भिंतींच्या आत वकिलांनी बोलावे की नाही, हे ठरवायला परवाना लागतो, ही कल्पना हैदराबादच्या जुन्या माणसांना नवी नव्हती. त्यांनी ती अनुभवलेली होती. आणीबाणीला उत्तर मतपेटीतूनही आले : १९७७ मध्ये लातूर लोकसभा मतदारसंघाने उद्धवराव पाटलांना निवडून दिले. १९७६ साली जयप्रकाश नारायणांच्या पुढाकाराने निघालेली नागरी स्वातंत्र्याची संघटना, मुंबईतली लोकशाही हक्क संरक्षण समिती, न्यायमूर्ती तारकुंडे यांच्यासारखी माणसे, यांनी आणीबाणी उठल्यावर हे काम सोडले नाही. केंद्राच्या कायद्यांइतकेच राज्याच्या विधेयकांवर लक्ष ठेवायला हवे, ही जाणीव या वर्षांत पक्की झाली.

लक्ष ठेवणे किती गरजेचे होते, हे पुढच्या दोन कायद्यांनी दाखवले. १९८१ साली राज्याने धोकादायक कृत्ये रोखण्याचा कायदा केला, जो आज सगळीकडे एमपीडीए म्हणून ओळखला जातो. तो आला तेव्हा त्याच्या कक्षेत झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार होते. १९९६ मध्ये ‘धोकादायक व्यक्ती’ आल्या, २००९ मध्ये चित्रफितींची चोरटी नक्कल करणारे, त्यानंतरच्या दुरुस्तीत वाळू तस्कर आणि जीवनावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे. प्रत्येक भर घालताना कारण होते आणि ते लोकांना पटण्यासारखे होते. पण खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवण्याचा अधिकार मात्र प्रत्येक वेळी अधिक माणसांवर पसरत गेला. एकदा केलेली चौकट आक्रसत नाही, ती रुंदावते.

१९९९ चा मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, आधी अध्यादेश म्हणून आला आणि मागाहून विधिमंडळात. मुंबईतल्या टोळ्यांचा उपद्रव खरा होता. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरणे, संभाषण चोरून ऐकण्याचे अधिकार, जामिनाच्या कठोर अटी, या तरतुदी मात्र अंमलात आल्या आणि मग त्यांच्यावर वाद झाला. संभाषण ऐकण्याच्या तरतुदी उच्च न्यायालयाने अवैध ठरवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्या वैध ठरवल्या. केंद्राच्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याला ठरावीक मुदतीने नूतनीकरण लागे, म्हणून १९९५ मध्ये तो संपला. त्यानंतरच्या पोटा कायद्यालाही मुदत होती. तो २००४ मध्ये रद्द झाला. मकोकाला अशी मुदत नाही. त्यामुळे त्याचा परिणाम काय झाला, याचा हिशेब विधिमंडळासमोर मांडण्याची वेळ कधी येतच नाही.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये राज्याने अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याचा मसुदा सूचनांसाठी जाहीर केला. त्यात शंभराहून अधिक लोक जमणार असतील तर पोलिसांची पूर्वपरवानगी घ्यावी, अशी तरतूद होती. लग्न, कीर्तन, मोर्चा, सगळेच त्यात सापडले असते. वृत्तपत्रांतून, वकिलांकडून आणि सर्व पक्षांतून आक्षेप आले आणि तो मसुदा विधिमंडळापर्यंत पोचला नाही. गश्ती निशाण ५३ ला लोकांना तुरुंग भोगून तोंड द्यावे लागले होते; तशीच तरतूद या वेळी हरकतींनी थोपवली. मसुदा आधी दाखवला गेला म्हणून हे झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक विधिमंडळाने एकमताने मंजूर केले होते, म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याला जात पंचायतीपासून संरक्षण देणारा कायदाही याच सभागृहाने दिला. विधिमंडळ स्वातंत्र्याचे शत्रू असते असे मानण्याचे कारण नाही. त्याच्यासमोर काय येते आणि बाहेरून त्याला किती ऐकू जाते, यावर बरेच ठरते.

जनसुरक्षा विधेयक

जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात, अधिवेशन संपायला आलेले असताना, महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मांडले गेले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. निवडणुकीनंतर, डिसेंबरमध्ये नागपूरला, ते पुन्हा मांडले गेले आणि मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे पाठवले गेले.

सरकारची बाजू समजून घ्यायला हवी. गडचिरोलीत माओवादी हिंसाचाराने पोलीस आणि आदिवासी या दोघांचेही बळी घेतले आहेत. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस मारले गेले. जंगलातली सशस्त्र चळवळ ओसरत असताना शहरांतल्या आघाडीच्या संघटनांमार्फत ती टिकून राहते, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि ओडिशा यांनी असे कायदे केले आहेत, आपल्याकडे तो नाही, असे सरकारचे म्हणणे होते. राजकीय पक्षांविरुद्ध किंवा सरकारवर टीका करणाऱ्यांविरुद्ध हा कायदा वापरला जाणार नाही, असे आश्वासनही मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिले.

हरकती घेणाऱ्यांचा आक्षेप हिंसाचाराला शिक्षा देण्यावर नव्हता. त्यासाठी केंद्राचा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा (यूएपीए) आहे, मकोका आहे, भारतीय न्याय संहिता आहे. आक्षेप होता तो ‘बेकायदेशीर कृत्य’ या शब्दांच्या व्याख्येवर. सार्वजनिक शांततेला धोका निर्माण करणे तर त्यात होतेच. पण सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे ‘कल असणे’ही होते, आणि प्रस्थापित कायद्याची व संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तसा प्रचार करणेही होते. हे शब्द १९३८ च्या सत्याग्रहाला लावून पाहिले तर गोविंदराव नानलांची पहिली तुकडी त्यात अचूक बसते. संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारचा, तपासणी सल्लागार मंडळाची. सभासद असणे, वर्गणी देणे, बैठकीला जाणे, जागा देणे हे गुन्हे. दोन ते सात वर्षांपर्यंत कैद, दंड पाच लाखांपर्यंत. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. जागा आणि मालमत्ता ताब्यात घेण्याचे अधिकार दोष सिद्ध होण्याआधी.

समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. हा आकडा थांबून पाहण्यासारखा आहे. कामगार संघटना, शेतकरी संघटना, वकील, पत्रकार, डावे पक्ष, गांधीवादी आणि आंबेडकरी कार्यकर्ते, धरणग्रस्तांबरोबर काम करणारे गट, यांनी मसुदा मिळवला, वाचला, कलमवार लिहिले. जनसुरक्षा विरोधी संघर्ष समिती उभी राहिली, जिल्ह्याजिल्ह्यांत निदर्शने झाली, ३० जून २०२५ रोजी आझाद मैदानावर मेळावा झाला.

त्याचा काही परिणाम झाला. ‘व्यक्ती आणि संघटना’ यांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालणे असा मूळ हेतू होता. तो ‘कडव्या डाव्या किंवा तत्सम संघटना’ असा केला गेला. सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश असावेत, असे ठरले. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. कृत्याची व्याख्या मात्र मोठ्या प्रमाणात तशीच राहिली, आणि ‘तत्सम’ या शब्दाची सीमा कोणी आखली नाही. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आवाजी मतदानाने विधेयक मंजूर केले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे एकमेव आमदार, डहाणूचे विनोद निकोले, यांनी सभागृहात त्याला ठाम विरोध केला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधी पक्षांच्या सभात्यागात ते मंजूर झाले. समितीतल्या विरोधी सदस्यांनी असहमतीची टिप्पणी जोडली नाही, याकडे मुख्यमंत्र्यांनी लक्ष वेधले. बाहेर हजारो हरकती आणि आतल्या अहवालात एकही लेखी असहमती नाही, ही विसंगती विरोधी पक्षांनी गंभीरपणे घ्यायला हवी. असहमतीची टिप्पणी ही औपचारिकता नसते. उद्या न्यायालय किंवा पुढचे विधिमंडळ जेव्हा कायद्याचा हेतू शोधायला बसते, तेव्हा आक्षेप कधीच नोंदला गेला होता हे दाखवणारा तोच कागद असतो.

हरकतीचा हक्क

मग धाराशिवच्या नागरिकाने या सगळ्यातून काय घ्यावे? या जिल्ह्याने विचारण्याची सोय नसलेल्या राज्याचे दोन्ही चेहरे पाहिले आहेत. हिप्परग्याच्या शिक्षकांना आणि लातूरच्या परिषदेला बांधणारा नियम त्यांना न विचारता झाला. १९४८ च्या शरद ऋतूत मारल्या गेलेल्या मुस्लिम कुटुंबांचा प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते. एकाच जिल्ह्यात, दहा वर्षांच्या अंतराने, दोन वेगवेगळ्या समाजांनी हे भोगले. म्हणून नागरी स्वातंत्र्याचा आग्रह एका पक्षाचा किंवा एका विचारसरणीचा ठरवणे या मातीच्या अनुभवाशी जुळत नाही. आज ज्यांचे सरकार आहे त्यांचे पूर्वसुरी आणीबाणीत मिसाखाली तुरुंगात होते. आज जे विरोधात आहेत त्यांच्या राजवटीत एमपीडीए झाला. ज्याच्या हातात सत्ता असते त्याला व्यापक अधिकार हवेसे वाटतात. आणि सत्ता बदलते, अधिकार मागे राहतो.

म्हणून लढा विधेयकाच्या टप्प्यावरच द्यायला हवा आणि तो टप्पा रुंद करायला हवा. माझ्या मते तीन गोष्टी मागण्याजोग्या आहेत. नागरी स्वातंत्र्याला स्पर्श करणारे प्रत्येक विधेयक मराठीतून, कलमांच्या सोप्या विवरणासह, मांडण्याच्या पुरेसे आधी प्रसिद्ध व्हावे आणि तालुक्याच्या वाचनालयात व वकील मंडळात उपलब्ध असावे. समितीकडे आलेल्या हरकतींचा गोषवारा आणि प्रत्येक मुख्य हरकत का स्वीकारली वा का नाकारली याची कारणे अहवालात छापली जावीत. बारा हजार लोकांनी लिहिले तर त्यांना उत्तर मिळण्याचा हक्क आहे. आणि अशा प्रत्येक कायद्याला मुदत असावी, म्हणजे काही वर्षांनी सरकारला विधिमंडळासमोर उभे राहून सांगावे लागेल की किती जणांवर तो लावला, किती सुटले, किती दोषी ठरले. टाडाला मुदत होती म्हणून तो संपवता आला, हा अनुभव आपल्याच देशाचा आहे.

यातले काहीही आपोआप होणार नाही. वकिलांनी आपल्या मंडळात मसुद्याचे वाचन लावायला हवे, महाविद्यालयांतल्या राज्यशास्त्राच्या वर्गांनी प्रत्यक्ष विधेयके अभ्यासायला हवीत, पत्रकारांनी अधिवेशनाच्या गोंधळापलीकडे जाऊन कलमे छापायला हवीत, आणि मतदारांनी आपल्या आमदाराला विचारायला हवे की त्या दिवशी आपण सभागृहात होता का, आणि होता तर काय बोललात. हे विचारायला आज कोणाची परवानगी लागत नाही. ती लागू नये म्हणून या जिल्ह्यातली माणसे तुरुंगात गेली होती. त्यांनी मिळवलेला हक्क वापरणे आणि पुढच्या विधेयकाची पहिली प्रत हाती येताच कामाला लागणे, हे आता आपले काम आहे.